मॅट्सला माणसं होती



मागच्या महिन्यात याच कार्यक्रमात आम्ही मोबाईलवरच्या खेळांबद्दल बोललो होतो. पैसे लावायचे खेळ घर कसं पोखरतात, पोरांचं अभ्यासातलं लक्ष कसं उडतं, असं बरंच काही सांगितलं. त्यानंतर केंद्रावर फोन आले. बहुतेक सगळ्या जणी "बरं झालं सांगितलंत" असंच म्हणाल्या. एक फोन मात्र निराळा होता. त्या ताई म्हणाल्या, "माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. त्याला चालता येत नाही. शाळा सुटली. दिवसभर मोबाईलवर खेळतो, लांबलांबच्या पोरांशी बोलतो. तुमचा कार्यक्रम ऐकून सासूबाई म्हणाल्या, आता फोन काढूनच घे. मी घेईनही हो. पण मग त्याच्याजवळ राहील काय?"

याचं उत्तर फोनवर दोन वाक्यांत देण्यासारखं नव्हतं. मुलाला काय झालंय असं विचारलं, तेव्हा त्यांनी दवाखान्याच्या कागदावरचं नाव अडखळत वाचून दाखवलं. ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी. हे नाव आम्ही आधी ऐकलेलं होतं, ते नॉर्वे देशातल्या एका मुलाच्या संदर्भात. त्याच्यावर बेंजामिन री या दिग्दर्शकाने एक माहितीपट केला, तो २०२४ साली जगभर दाखवला गेला. हकीकत सगळी खरी आहे. आज आधी ती सांगतो, मग ताईंच्या प्रश्नाकडे येतो.

नॉर्वे म्हणजे युरोपच्या पार उत्तरेचा, बर्फाचा देश. तिथल्या ऑस्लो शहरात १९८९ साली मॅट्स स्टीन नावाचा मुलगा जन्मला. वडील रॉबर्ट, आई ट्रूडे, एक बहीण मिया. मॅट्स चालायला लागला, पण सारखा पडायचा. घसरगुंडी आवडायची, पण शिडी चढायची म्हटलं की नको म्हणायचा. जमिनीवरून उठताना म्हाताऱ्या माणसासारखा गुडघ्यांवर हात टेकून उठायचा. आईवडिलांना वाटायचं, पोर जरा अशक्त असेल. १९९३ साली, तो चारेक वर्षांचा असताना, डॉक्टरांनी त्यांना बसवून हे लांबलचक नाव सांगितलं.

या आजारात होतं काय, ते समजून घेऊ. मातीची भिंत लिंपताना आपण मातीत भुसा मिसळतो. भुसा नसला तरी भिंत उभी राहते, दिसतेही नीट, पण वाळली की तडे जातात, आणि मग थोड्या धक्क्यानेही पोपडे सुटतात. आपल्या स्नायूंमध्ये या भुशाचं काम डिस्ट्रॉफिन नावाचं एक प्रथिन करतं. ड्युशेन असलेल्या मुलाच्या शरीरात ते जवळजवळ तयारच होत नाही. म्हणून स्नायू रोजच्या हालचालीनेही फाटत राहतात. लहानपणी शरीर ते भरून काढतं. पुढे पुढे भरून निघायचं थांबतं आणि स्नायूच्या जागी चरबी आणि कडक जाळं साठतं.

त्यामुळे एक फसवी गोष्ट घडते. या मुलांच्या पोटऱ्या जाड दिसतात. आजी कौतुकाने म्हणते, बघा, कसे पैलवानासारखे पाय आहेत. आणि तेच पोर जिना चढताना कठडा सोडत नाही. तर तीन ते पाच वर्षांचा मुलगा वारंवार पडत असेल, टाचा उचलून चवड्यांवर चालत असेल, बरोबरीच्या पोरांसारखा पळत नसेल, उठताना आपल्याच मांड्यांवर हात रोवून वर चढल्यासारखा उठत असेल, तर "होईल मोठा झाल्यावर" म्हणून सोडून देऊ नका. अंगणवाडीत मुलं तपासायला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांना हे मुद्दाम सांगा. पहिली तपासणी साध्या रक्ताची असते, सीके नावाची. ती खूप वाढलेली निघाली तर पुढे जनुकांची तपासणी करतात. जन्मणाऱ्या साधारण साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकाला हा आजार असतो, म्हणजे तालुक्यात अशी एकदोन घरं असणारच.

बहुतेक मुलं बाराव्या वर्षाच्या आसपास चाकाच्या खुर्चीत येतात. मग हातांची ताकद कमी होते, पुढे हृदय आणि श्वास. आजार मुळापासून बरा करणारं औषध आज नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या तर चालणं काही वर्षं टिकतं, हलके ताण देणारे व्यायाम सांधे आखडू देत नाहीत, रात्री श्वासाला मदत करणारं यंत्र आयुष्य वाढवतं. जोरजबरदस्तीचा व्यायाम मात्र अपाय करतो. "पळव त्याला, म्हणजे पाय मोकळे होतील" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांचं ऐकू नका. तेल चोळून, गंडा बांधून, अमुक गावच्या वैद्याची मात्रा देऊनही काही होत नाही, पैसे मात्र जातात. आम्ही एका घरात म्हैस विकलेली पाहिली आहे.

आता ज्या गोष्टीमुळे बाया आतल्या आत जळतात, ती बोलू. हा आजार आईकडून येतो असं डॉक्टर सांगतात आणि घरात तेवढंच एक वाक्य शिल्लक राहतं. मग "तुझ्या माहेरचं दुखणं आमच्या घरात आणलंस" इथून सुरुवात होते आणि ते पार दुसऱ्या लग्नाच्या बोलण्यापर्यंत जातं. म्हणून हे नीट ऐका, आणि जमल्यास घरातल्या पुरुषांनाही ऐकवा.

मुलगा की मुलगी हे वडिलांच्या गुणसूत्रावर ठरतं, हे आपण मागे एका भागात पाहिलं होतं. बाईकडे एक्स गुणसूत्रं दोन असतात, पुरुषाकडे एक एक्स आणि एक वाय. मुलग्याला त्याचं एकुलतं एक एक्स आईकडूनच मिळतं, दुसरीकडून मिळूच शकत नाही. डिस्ट्रॉफिनची कृती या एक्सवर लिहिलेली असते. आईच्या दोनपैकी एका एक्सवर ती चुकीची लिहिलेली असेल, तरी दुसऱ्यावरची बरोबर असते, म्हणून आई धडधाकट राहते. तिला स्वतःला कळायला काही मार्गच नसतो. मुलाच्या वाट्याला नेमकं चुकीचं एक्स आलं की त्याला सावरायला दुसरं नाही. आणि साधारण तीनपैकी एका मुलाच्या बाबतीत तर आईच्या दोन्ही एक्सवर कृती बरोबरच असते, चूक नव्यानेच झालेली असते. गरोदरपणात काय खाल्लं, ग्रहणात काय चिरलं, कुणाचं मन दुखावलं, यातल्या कशाचाही याच्याशी संबंध नाही.

मात्र आईने, तिच्या बहिणींनी आणि मुलाच्या बहिणींनी तपासणी करून घ्यावी. आई वाहक असेल तर पुढच्या प्रत्येक मुलग्याला आजार होण्याची शक्यता निम्मी असते, म्हणून दुसऱ्या मुलाचा विचार करण्याआधी डॉक्टरांशी बोलावं. वाहक बाईच्या स्वतःच्या हृदयावरही कधी कधी परिणाम होतो. तिने आपलीही तपासणी करावी. मुलाच्या फायलीचा एवढा मोठा गठ्ठा असतो, आणि आईचा एक कागदही त्यात नसतो.

आता मॅट्सकडे परत येऊ.

मॅट्स खुर्चीत बसला. मधल्या सुट्टीत बाकीची पोरं मैदानात पळायची, तो कडेला असायचा. वडिलांनी त्याला संगणकावरच्या खेळांची वाट दाखवली. पुढे तो मोठा झाला तेव्हा घराला लागूनच त्याच्यासाठी जागा केली होती, मदतनीस पाळीपाळीने असायचे, आणि तो संगणकासमोर बसलेला असायचा. शेवटच्या दहा वर्षांत त्याने पंधरा ते वीस हजार तास एकाच खेळात घालवले. रोज आठ तास नोकरी करणाऱ्याच्या सात-आठ वर्षांच्या कामाइतके हे तास आहेत. रात्री मदतनीस त्याला झोपवायला येत, तर हा उठायला तयार नसे. आईवडिलांचा जीव तुटायचा. पोराचं आयुष्य आधीच थोडं, त्यात ना मित्र, ना प्रेम, ना कुणाच्या उपयोगी पडणं. सगळं त्या पडद्यात वाया चाललंय, असं त्यांना वाटे. आपल्या ताईंच्या सासूबाईंना वाटतं तसंच.

तो खेळ म्हणजे वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट. बायांनो, खेळ म्हटलं की आपल्याला गोळ्या झाडणं आठवतं. हा तसा नाही, किंवा तेवढाच नाही. पडद्यावर एक अख्खा मुलूख आहे. जंगल, डोंगर, तळी, गावं, धर्मशाळा. जगभरातली माणसं आपापल्या घरून त्या मुलखात येतात. येताना प्रत्येक जण एक सोंग घेऊन येतो. आपल्याकडे बोहाड्यात मुखवटा चढवला की दिवसभर नांगर धरणारा माणूस रात्री देव होतो, आणि लोकही त्याला देव म्हणूनच वागवतात. तसंच इथे. सोंगं एकमेकांना भेटतात, अक्षरं टाइप करून बोलतात, मिळून मोहिमा करतात, शेकोटीभोवती बसून गप्पा मारतात.

मॅट्सने घेतलेल्या सोंगाचं नाव इबेलिन. रुंद खांद्यांचा, धडधाकट, गुप्तहेराचं काम करणारा गडी. मुलखात आलं की तो आधी अर्धा तास नुसता धावायचा. ज्याला खऱ्या जगात बोटं सोडली तर फारसं काही हलवता येत नव्हतं, तो रोज संध्याकाळी धावायला जात होता.

या मुलखात लोकांनी गट केलेले असतात. मॅट्सच्या गटाचं नाव स्टारलाइट. सभासद तीसच्या आसपास, बरीच वर्षं टिकलेला गट. त्यात कुणीही उठून सामील होऊ शकत नाही. आधीच्या सभासदाने शिफारस करावी लागते, मग महिना-दोन महिने नव्या माणसाला पारखतात आणि मगच घेतात. हे वाचलं तेव्हा आम्हाला हसू आलं. बचत गटात नवीन बाई घेताना आपण दुसरं काय करतो? स्वभाव कसा, बैठकीला येईल का, भांडण लावणारी तर नाही ना. फरक इतकाच की त्यांच्याकडे बचत पैशांची नव्हती, वेळेची होती. रोज संध्याकाळी हजेरी.

या गटात मॅट्स सगळ्यांची ऐकून घेणारा म्हणून ओळखला जाई. नेदरलँड्समधल्या एका मुलीशी त्याची चांगली मैत्री झाली. तिचा अभ्यास मागे पडला म्हणून आईवडिलांनी तिचा संगणक काढून घेतला. मुलगी खचली. मॅट्स तेव्हा स्वतःही पोरसवदाच होता, पण त्याने तिच्या आईवडिलांना सविस्तर पत्र लिहिलं आणि ही मैत्री तिच्यासाठी काय आहे ते समजावून सांगितलं. डेन्मार्कमधल्या एका आईचा मुलगा स्वमग्न होता, म्हणजे ज्याला ऑटिझम म्हणतात तो. घराबाहेर पडणं त्याला जमत नसे, आईशीही मोकळं बोलणं नसे. मॅट्सने सुचवलं, त्यालाही खेळात घेऊन या, दोघं मिळून खेळा. आधी मायलेकांची सोंगं एकमेकांशी बोलू लागली, मग घरात ती दोघं.

आणि यातल्या कुणालाही मॅट्स आजारी आहे हे माहीत नव्हतं. कितीतरी वर्षं. गटातले लोक अधूनमधून प्रत्यक्ष भेटायचे, तो काहीतरी कारण सांगून टाळायचा. कॅमेऱ्यासमोर यायचा नाही. माणसं आधी खुर्ची बघतात आणि मग आपल्याला, हे त्याने आयुष्यभर भोगलं होतं. या एका जागी तसं होत नव्हतं, आणि ती जागा त्याला गमवायची नव्हती.

पण लपवण्याचा भार होताच. आजार वाढला तसा तो मध्येच गायब व्हायचा. कधी दवाखान्यात असायचा, कधी बोटं साथ देत नसत. परत आला की चिडचिड, तुसडेपणा. गटातली माणसं दुखावली, काही रागावलीसुद्धा, कारण त्यांना कारण माहीत नव्हतं. हा भाग आम्हाला फार जवळचा वाटला. बैठकीला न येणाऱ्या, आल्या तरी तिरसटपणे बोलणाऱ्या बाईला आपण किती लवकर दंड लावतो! शेवटी मॅट्सने गटातल्या जवळच्या एका माणसाला खरं सांगितलं, आणि २०१३ पासून तो इंटरनेटवर आपल्या आजाराबद्दल उघड लिहू लागला. ते वाचून गटाला कळलं की आपला धावणारा इबेलिन खुर्चीत बसलेला आहे.

मग गटाने काय केलं? अवाक झाले, रडले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच्याबरोबर खेळायला आले. त्याला सोंग उतरवायला लावलं नाही. तो आधीसारखाच गुप्तहेर राहिला. चौकशी होत होती, काळजीही होती, पण त्याची चेष्टा व्हायची ती होतच राहिली आणि त्याच्याकडे सल्ला मागायचंही कुणी थांबवलं नाही. पडदा त्याच्यासाठी भिंत नव्हता, दार होता, अशा अर्थाचं त्याने लिहून ठेवलं आहे.

१८ नोव्हेंबर २०१४ रोजी मॅट्स गेला. पंचवीस वर्षांचा होता. त्याने आपल्या लिखाणाच्या जागेचा पासवर्ड घरच्यांसाठी ठेवला होता. वडिलांनी तिथे मुलगा गेल्याचं दोन ओळींत लिहिलं आणि आपला ईमेल दिला. त्यांना वाटलं, कोण कशाला लिहितंय. आणि पत्रं यायला लागली. एक, दोन, मग थांबेचनात. अनोळखी देशांतली अनोळखी माणसं पानंच्या पानं लिहीत होती की तुमच्या मुलाने माझ्यासाठी काय केलं. ज्याला एकही मित्र नाही म्हणून आईवडील रात्र रात्र जागले होते, त्याला इतकी माणसं होती.

अंत्यसंस्काराला गटातले पाच जण आले, कुणी इंग्लंडहून, कुणी फिनलंडहून. ज्यांना प्रवासखर्च झेपणार नव्हता त्यांच्यासाठी गटाने वर्गणी काढली होती. गटाच्या म्होरक्याने तिथे सांगितलं की या घटकेला नेदरलँड्समधल्या शाळेच्या एका वर्गात, आयर्लंडच्या कॉल सेंटरमध्ये, स्वीडनच्या वाचनालयात, फिनलंडमधल्या एका लहानशा ब्यूटी पार्लरमध्ये, डेन्मार्कच्या नगरपालिकेच्या कचेरीत मॅट्ससाठी मेणबत्ती लावलेली आहे. आईवडील पुढच्या रांगेत बसून हे ऐकत होते. पुढे वडिलांनी म्हटलं की आम्ही त्याच्या त्या जगात अधिक रस घ्यायला हवा होता, तो न घेतल्याने एक संधी आम्हीच स्वतःपासून हिरावून घेतली. गटातली माणसं अजूनही त्याच्या आठवणीसाठी त्या मुलखात जमतात आणि मिळून धावतात. गटाने जपून ठेवलेल्या बोलण्याची हजारो पानं होती, त्यावरूनच तो माहितीपट उभा राहिला.

आता आमचं म्हणणं. ही माणसं डॉक्टर नव्हती, समाजसेवक नव्हती. आजारी माणसाला आधार द्यायचा म्हणून जमलेलीही नव्हती. खेळाच्या आवडीने जमली होती, आणि म्हणूनच तो आधार टिकला असं आम्हाला वाटतं. आपण आजारी माणसाकडे जातो ते हातात केळी-बिस्किटं घेऊन, आणि बसल्या बसल्या सुरू होतं: अरेरे, काय दशा झाली पोराची, पूर्वी कसा होता. पोर ऐकत असतं. मनात वाईट काही नसतं आपल्या, पण त्या अर्ध्या तासात त्याच्याकडून आपल्याला काहीच नको असतं. त्याने करायचं ते फक्त दिसणं. स्टारलाइटला मॅट्सकडून काहीतरी हवं होतं. त्याची वाट बघितली जात होती. तो आला नाही तर खेळ अडत होता.

आमच्या भागातल्या एका गटात असं घर आहे. आईने बैठकीला येणं सोडलं होतं, कारण मुलाला एकटं ठेवता येत नव्हतं. दोनदा दंड लागला, तिसऱ्यांदा तिने "माझं नाव काढून टाका" असा निरोप धाडला. तेव्हा एका जुन्या सभासद आजींनी सुचवलं, बैठक तिच्याच ओट्यावर भरवा. काही जणींनी कुरकुर केली, घर वस्तीच्या टोकाला आहे, अंधारात यावं लागतं. तरी बैठक तिकडे गेली. पहिल्या दोन बैठका वाईटच झाल्या. एकीने देवऋषाचं नाव सुचवलं, दुसरी पोराकडे बघून डोळे पुसत बसली, आणि पोराने खुर्ची वळवून भिंतीकडे तोंड केलं. तिसऱ्या बैठकीत व्याजाचा हिशेब जुळेना. पोराने भिंतीकडे बघतच आकडा सांगितला. बरोबर होता. आजी त्याला म्हणाल्या, "अरे, मग एवढा वेळ गप्प का बसलास, आमचं डोकं पिकलं ना!" तो हसला की नाही ते अंधारात दिसलं नाही, असं त्याच सांगतात.

त्याला क्रिकेटचं वेड. गावातली पोरं शाळेमागच्या मैदानात टेनिस बॉलच्या स्पर्धा भरवतात, धावा मोबाईलवर लिहिल्या जातात आणि बाहेरगावची माणसंही त्या बघतात. लिहिणारा सतत उठून जायचा, आकडे चुकायचे, भांडणं व्हायची. आता धावा हा लिहितो. पोरं खुर्ची उचलून बांधावरून पलीकडे नेतात. आजार काही कमी झालेला नाही. गेल्या पावसाळ्यात छातीत कफ भरून तो नऊ दिवस दवाखान्यात होता. तेव्हा रात्री सोबतीला जायची पाळी गटातल्या बायांनी लावून घेतली, आणि त्याच्या फोनवर सगळ्या वेळ एकच विचारणा चालली होती, अमुक सामन्याचं मानधन कुणाला द्यायचं ठरलं होतं म्हणून. नर्सबाई वैतागल्या. त्याची आई म्हणाली, असू द्या.

तर फोन केलेल्या ताईंना आमचं उत्तर असं. फोन काढून घेऊ नका. पण तो कुणाशी खेळतो, काय बोलतो, हे त्याच्या शेजारी बसून बघा. त्याला म्हणा, मलाही दाखव. पहिल्यांदा तो वैतागेल. खेळ समजला नाही तरी चालेल, त्याच्या मित्रांची नावं तुम्हाला माहीत असली पाहिजेत. पैसे लावायचा खेळ अजिबात नको. ओटीपी, बँकेचा नंबर, घरचा पत्ता, उघड्या अंगाचे फोटो कुणालाही द्यायचे नाहीत, समोरचा कितीही गोड बोलला तरी. कुणी घाबरवत असेल, "आईला सांगू नकोस" म्हणत असेल, तर ते आधी आईलाच सांगायचं, आणि सांगितल्यावर फोन हिसकावला जाणार नाही हा शब्द तुम्ही द्यायचा. नाहीतर तो सांगणारच नाही. झोपेची वेळ ठरवा, कारण या आजारात झोप मोडली तर श्वासाचा त्रास वाढलेला लक्षात येत नाही. सकाळी डोकं दुखतं असं तो म्हणायला लागला तर डॉक्टरांना जरूर सांगा. फोन हाताने धरून ठेवायला लावू नका, खुर्चीला फळी ठोकून त्यावर ठेवा, पाठ सरळ राहील.

धडधाकट पोरांना दिवसभर फोन द्या, असा याचा अर्थ कुणी काढू नका. ज्याच्यासमोर मैदान मोकळं आहे त्याचा प्रश्न वेगळा आहे, आणि मागच्या महिन्यात बोललो ते त्याच्यासाठी होतं.

आणि ताई, शाळा सुटली असं तुम्ही म्हणालात, ती सुटायला नको होती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे एकवीस प्रकार आहेत, त्यात मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. प्रमाणपत्रावर चाळीस टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शाळेत जाणं अशक्य असेल तर समग्र शिक्षा अभियानाचे विशेष शिक्षक घरी येऊन शिकवतात, पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रात चौकशी करा. दिव्यांगांचं ओळखपत्र, ज्याला यूडीआयडी म्हणतात, ते काढलंय का? नसेल तर ते आधी. संजय गांधी निराधार योजनेसाठीही प्रमाणपत्र लागतंच, त्याचा अर्ज तहसील कचेरीत.

प्रमाणपत्राच्या तपासणीचे वार जिल्हा रुग्णालयात ठरलेले असतात. मुलाला घेऊन गाडीभाडं खर्चून जाण्याआधी फोन करून वार विचारा. बरोबर मुलाचं आणि तुमचं आधार कार्ड, रहिवासाचा पुरावा, फोटो आणि दवाखान्याचे आतापर्यंतचे सगळे कागद न्या. तुमच्या गावच्या ग्रामसंघाच्या ताईंना आम्ही कळवलं आहे, त्या सोबत येतील.